बेटावरचे उंदीर नुसते ‘कमी’ करून का भागत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावरची एक चित्रफीत तुम्ही पाहिलीत. रात्रीच्या अंधारात उंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याच्या जिवंत पिल्लाला कुरतडताहेत आणि पिल्लू जागचं हलतही नाही. एवढासा उंदीर इतक्या मोठ्या पिल्लाला मारतो कसा, हा एक भाग. दुसरा भाग असा, की हेलिकॉप्टरमधून विष टाकून सगळेच्या सगळे उंदीर मारण्यापेक्षा सापळे लावून त्यांची संख्या आटोक्यात ठेवली, तर दोघंही जगतील. मग तसं का करत नाहीत?

दुसऱ्या भागात तुमची कळकळ दिसते आणि ती योग्यच आहे. मारण्याचा विचार सहज करता येऊ नये. पण बेटांवरच्या कामात माझं मत हळूहळू ठाम होत गेलंय, की ‘कमी करू या’ हा मधला मार्ग दिसायला दयाळू असला तरी बहुतेक बेटांवर तोच सगळ्यांत जास्त जीव घेतो. असं का म्हणते ते सांगते. ते समजायला आधी पहिला भाग उलगडावा लागेल.

एक खुलासा आधीच करते. खाली ‘उंदीर’ म्हणते तो घरात दिसणारा लहान उंदीर. ‘रॅट’ म्हणते ते त्याहून बरेच मोठे. त्यांच्या तीन जाती माणसाबरोबर जहाजांतून जगभर पोचल्या: काळा, तपकिरी आणि पॅसिफिक. जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक बेटसमूहांवर आज कुठला ना कुठला रॅट आहे.

आता पिल्लू. गॉफवरच्या ट्रिस्टन अल्बट्रॉसचं पिल्लू वाढीच्या भरात आठ-दहा किलोचं होतं. उंदीर ३५-४० ग्रॅमचा. सील मारणाऱ्यांच्या जहाजांतून हे उंदीर एकोणिसाव्या शतकात तिथे उतरले आणि आज ते साध्या घरउंदरापेक्षा जवळपास दीडपट मोठे आहेत. वजनाचा हा हिशेब पाहिला तर हल्ला अशक्यच वाटतो. पण पिल्लाकडे उंदराविरुद्ध वापरता येईल असं काहीच नसतं. ते जवळपास आठ महिने उघड्यावर, जमिनीवरच्या घरट्यात बसून असतं आणि त्यात दक्षिणेकडचा अख्खा हिवाळा येतो. आईबाप शेकडो-हजारो किलोमीटरवर अन्न शोधत असतात, कित्येक दिवसांनी एकदा येऊन भरवतात आणि पुन्हा जातात. पिल्लाचे बचावाचे उपाय दोनच: चोच वाजवणं आणि पोटातलं वासट तेल अंगावर उडवणं. दोन्ही वरून झडप घालणाऱ्या स्कुआसारख्या पक्ष्यासाठी आहेत. मागून, रात्री, जमिनीवरून येणारा दातांचा प्राणी त्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षांत कधी पाहिलेलाच नाही.

जवळून पाहिलं की हे जास्त कळतं. उंदीर बहुतेकदा कमरेच्या मागच्या भागावर येतो, जिथे चोच पोचत नाही. पिल्लू अस्वस्थ होतं, उठतं, थोडं वळतं आणि पुन्हा घरट्यात बसतं. घरटं सोडायचं नाही एवढंच त्याला ठाऊक असतं. सकाळी पांढऱ्या-करड्या लवेवर रुपयाएवढा लाल डाग दिसतो. दुसऱ्या रात्री त्याच जखमेवर आणखी उंदीर येतात. पिल्लू एका चाव्यानं मरत नाही. रक्तस्राव, थंडी, जंतुसंसर्ग आणि झोप न मिळणं यांनी काही दिवसांत खंगून जातं. काही बेटांवर डोक्यावरची कातडी सोललेली पिल्लंही सापडली आहेत, तीही बसलेल्या स्थितीत.

उंदीर हे का करतो, यालाही कारण आहे. उन्हाळ्यात त्याला किडे, अळ्या, बिया मिळतात. हिवाळ्यात ते आटतं, उंदरांची संख्या मात्र उन्हाळ्यात वाढून बसलेली असते. म्हणून हिवाळ्यात वीण करणाऱ्या पक्ष्यांना सर्वांत जास्त झळ लागते. गॉफवर जमिनीखाली बिळांत अंडी घालणारे पेट्रेल आणि प्रायन हे लहान समुद्री पक्षी तर चित्रफितीत दिसतही नाहीत, पण संख्येनं खरा संहार तिथेच होतो. एका अभ्यासाचा अंदाज आहे, की उंदरांमुळे त्या एका बेटावर वर्षाला १७ लाखांहून अधिक अंडी-पिल्लं कमी होतात.

आता एक गोष्ट, जी नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. अशा बेटावर तुम्ही उतरलात तर ते ओसाड दिसणार नाही. आकाशात पक्षी असतील, उतारांवर जोड्या नाचत असतील. समुद्री पक्षी फार जगतात. उत्तर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या ‘विस्डम’ नावाच्या लेसन अल्बट्रॉस मादीच्या पायात १९५६ साली कडं घातलं होतं. तिनं २०२४ च्या शेवटी पुन्हा अंडं घातलं, तेव्हा तिचं वय ७४ च्या आसपास होतं. ट्रिस्टन अल्बट्रॉस पिल्लू वाढवण्यात यशस्वी झाला तर दोन वर्षांतून एकच अंडं घालतो. आयुष्यभरात थोडीशी पिल्लं, पण प्रत्येक पिल्लू दीर्घायुषी, असं हे गणित आहे. त्यामुळे वीस-तीस वर्षं जवळजवळ एकही पिल्लू उडालं नाही तरी वसाहत भरलेलीच दिसते, कारण म्हातारे पक्षी येत राहतात. व्याज बंद झालंय आणि मुद्दल खाऊन घर चाललंय, असा हा प्रकार. म्हणूनच कुठल्याही बेटावर मी ‘पक्षी किती आहेत’ हे शेवटी विचारते. ‘शंभर अंड्यांमागे किती पिल्लं उडाली’ हे पहिल्यांदा विचारते.

बिळांच्या बाबतीत हे तपासायला साधी साधनं पुरतात. संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी चार-सहा बारीक काड्या उभ्या खोचायच्या. सकाळी पडलेल्या असतील तर कुणीतरी आत-बाहेर केलं. मग खांद्यापर्यंत हात घालून किंवा लवचीक नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा आत सरकवून बघायचं. पेट्रेल राहत असेल तर बिळाला कस्तुरीसारखा एक तेलकट वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. रॅटनं फोडलेल्या अंड्याची कड दातांनी कातरलेली असते. एकेका हंगामात अशी बिळं एकामागून एक रिकामी होताना पाहिली की तक्त्यातले आकडे वाचण्याची तुमची पद्धतच बदलते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. समजा, एका बेटावर एक लाख उंदीर आहेत. मोठी मोहीम काढून तुम्ही ९० टक्के मारले. दहा हजार उरले. पण बेटावरचं अन्न तेवढंच आहे, म्हणजे उरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला दसपट. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लंही दीड-दोन महिन्यांत वीण करू लागतात. तीनदा दुप्पट झाले की ८० हजार. चांगल्या हंगामात याला फार महिने लागत नाहीत. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा ८०-९० हजार मारायचे, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पाच वर्षांत चार लाखांहून जास्त उंदीर मेले, पक्ष्यांना मिळाले ते वर्षातले काही बरे महिने, आणि सहाव्या वर्षी पैसा संपला की सगळं मूळ पदावर. एकदाच, सगळे, म्हणजे एक लाख. दयेच्याच तराजूत तोललं तरी मला दुसरा पर्याय हलका वाटतो.

‘मग सापळ्यांनीच सगळे पकडा’ असं कुणी म्हणेल. इथे न्यूझीलंडमधला एक प्रयोग सांगावा लागतो. २००४ च्या सुमारास संशोधकांनी गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला एकच तपकिरी रॅट नर जेमतेम साडेनऊ हेक्टरच्या रॅटमुक्त बेटावर मुद्दाम सोडला. एकच प्राणी, कॉलर लावलेला, आणि मागावर सापळे, आमिषं, प्रशिक्षित कुत्री. तरी तो १८ आठवडे हाती लागला नाही. मध्येच समुद्रातून ४०० मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि अखेर तिथे सापळ्यात अडकला. बेटावरचे पहिले ९५ टक्के पकडणं कष्टाचं असतं, पण शक्य असतं. शेवटचा एक टक्का म्हणजे नव्या वस्तूंपासून लांब राहणारे, सावध, सुळक्याच्या कपारीत राहणारे प्राणी. तिथे माणूस पायी पोचतच नाही.

म्हणून हेलिकॉप्टर. त्यामागचं तर्कशास्त्र एकच आहे: प्रत्येक उंदराच्या रोजच्या वावराच्या टापूत, एकही न सुटता, आमिष पडलं पाहिजे. उपग्रहावरून दिशा घेत हेलिकॉप्टर पट्ट्यापट्ट्यांनी उडतं, पट्टे एकमेकांवर चढतील असे आखलेले असतात आणि काही दिवसांनी दुसरी फेरी होते. हिवाळा निवडतात, कारण तेव्हा उंदीर भुकेला असतो आणि वीण थांबलेली असते. बिळात दूध पिणारी, आमिष न खाणारी पिल्लं नकोत. विष बहुतेक ठिकाणी ब्रोडिफॅकूम. ते रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या जीवनसत्त्व ‘के’चं शरीरातलं चक्र बंद पाडतं. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, आणि हा उशीरच महत्त्वाचा, कारण खाल्ल्याचा आणि आजारी पडल्याचा संबंध उंदराला लागत नाही आणि तो आमिष टाळायला शिकत नाही. हे मरण वेदनारहित नाही. ते लपवून या कामाचं समर्थन करू नये असं मला वाटतं. आमिष खाणारे किंवा मेलेले उंदीर खाणारे इतर पक्षीही मरतात. अलास्काच्या अल्यूशियन साखळीतल्या ‘रॅट’ नावाच्याच बेटावर २००८ च्या मोहिमेनंतर टक्कल-गरुड आणि कुरव पक्षी मोठ्या संख्येनं मेलेले सापडले. त्या बेटाचं नाव आज हवाडॅक्स आहे, आणि तिथे पक्षी पुन्हा वाढू लागलेत. असे मृत्यू टाळायलाच गॉफवर २०२१ च्या मोहिमेत तिथल्याच स्थानिक बंटिंग आणि पाणकोंबड्या आधी पकडून पिंजऱ्यांत सांभाळल्या होत्या.

आणि तरीही गॉफवर यश आलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅमेऱ्यात एक जिवंत उंदीर दिसला. मिडवेवर २०२३ च्या मोहिमेनंतरही लवकरच उंदीर दिसले. पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर २०११ साली मूठभर रॅट वाचले आणि त्यांची संख्या पुन्हा भरून आली. जगभरातला हिशेब मात्र आशादायक आहे: २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ९९८ बेटांवरच्या १,५५० मोहिमांची नोंद होती आणि त्यातल्या ८८ टक्के यशस्वी होत्या. पण उष्ण कटिबंधात अडचणी जास्त. तिथे खेकडे आमिष फस्त करतात आणि उंदीर-रॅट वर्षभर वीण करतात, त्यामुळे ‘भुकेला हिवाळा’ मिळतच नाही.

म्हणजे ‘सगळे किंवा काहीच नाही’ हे माझं म्हणणं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते कुठे बदलतं तेही सांगायला हवं. बेट माणसांच्या दाट वस्तीचं असेल, किंवा मुख्य भूमीला इतकं जवळ असेल की प्राणी पोहून परत येतील, तर शून्य गाठणं आणि टिकवणं आज तरी शक्य नसतं. तिथे वसाहतीपुरतं सततचं नियंत्रण किंवा कुंपण हाच मार्ग. हवाईमध्ये ओआहू बेटाच्या काएना पॉइंट या टोकावर २०११ साली असं कुंपण पूर्ण झालं. भूशिराचं टोक कुंपणानं तोडून आतले शिकारी काढले आणि आत अल्बट्रॉस व शिअरवॉटर हे समुद्री पक्षी वीण करताहेत. म्हणजे तिथेही कुंपणाच्या आत शून्यच गाठलं, बेट तेवढं लहान करून घेतलं.

आणखी एक ठिकाण आहे जिथे अर्धवट काम घात करतं, आणि तुमच्या प्रश्नात ते नसलं तरी मला त्याबद्दल लिहायचंच आहे: मांजर आणि रॅट दोन्ही असलेली बेटं. मांजरांचा कहर खरा असतो. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावर १९४९ साली तळावरच्या उंदरांसाठी पाच मांजरं आणली. १९७०च्या दशकाअखेर ती साडेतीन हजारांच्या घरात गेली आणि वर्षाला साडेचार लाख पेट्रेल मारत होती. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावरचं वादळ-पेट्रेल मांजरांमुळेच नामशेष झालं असं मानलं जातं. त्यामुळे पहिला विचार येतो तो मांजर काढण्याचा. न्यूझीलंडच्या हाउतुरू बेटावर १९८० पर्यंत मांजरं काढली. अपेक्षा होती कुक पेट्रेलची पिल्लं वाढतील. उलट झालं, यश घटलं, कारण मांजरं पॅसिफिक रॅटही खात होती आणि ती गेल्यावर रॅट मोकळे सुटले. २००४ मध्ये रॅटही काढले, तेव्हा कुठे पेट्रेलची पिल्लं भराभर उडू लागली. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर २००० साली शेवटचं मांजर गेलं आणि पुढच्या काही वर्षांत सशांनी उतारच्या उतार बोडके केले. त्यात मांजरं जाण्याचा वाटा किती आणि सशांना आवरायला सोडलेल्या विषाणूचा जोर ओसरण्याचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण शेवटी तिथे ससे, रॅट आणि उंदीर असे तिघंही एकाच मोहिमेत काढावे लागले, आणि २०१४ साली बेट मुक्त जाहीर झालं. मॅरियनवर मांजरं १९९१ मध्ये संपली. पेट्रेलना दिलासा मिळाला. पण उंदीर राहिले, आणि पुढच्या दशकांत त्यांनीच अल्बट्रॉसच्या पिल्लांवर हल्ले सुरू केले. मिडवेवरही तसंच. रॅट १९९०च्या दशकात संपले, उंदीर मागे राहिले, आणि २०१५ च्या हिवाळ्यात ते अंड्यांवर बसलेल्या प्रौढ पक्ष्यांना कुरतडताना दिसले. उंदीर निरुपद्रवी आहेत असं आम्ही अनेक वर्षं समजत होतो, कारण त्यांच्यावर दाब ठेवणारे मोठे प्राणी तिथे होते. आता कुठल्याही आराखड्यात मी आधी पाहते ते हे: कोण कोणाला खातंय, आणि पहिला गेला की दुसरा काय करेल.

तुम्ही शेवटी विचारलंय, की एवढं करून पक्षी परत येतात का. बिळांत राहणारे लहान पक्षी सर्वांत जास्त बळी पडतात, पण जवळपास वाचलेली वसाहत असेल तर तेच झपाट्यानं सावरतात. इंग्लंडजवळच्या लंडी बेटावर २००१ साली मँक्स शिअरवॉटरच्या ३०० जोड्याही नव्हत्या. रॅट २००४ पर्यंत काढले, आणि २०१७-१८ च्या मोजणीत जोड्या साडेपाच हजार भरल्या. अल्बट्रॉसच्या बाबतीत मात्र धीर धरावा लागेल. आज उडालेलं पिल्लू वीण करायला परतायला दहा वर्षं लागू शकतात, आणि मधल्या काळात मासेमारीच्या लांब दोरांच्या गळात अडकून मरण्याचा धोका कायम असतो. तो धोका बेटावर काम करून जाणार नाही. पण उंदीर राहिले तर समुद्रातल्या सुधारणांचाही उपयोग होणार नाही.

परिणाम पक्ष्यांपुरताच राहत नाही. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात रॅट नसलेल्या बेटांवर समुद्री पक्ष्यांची घनता रॅट असलेल्या बेटांच्या ७६० पट आढळली. त्यांच्या विष्ठेतला नायट्रोजन वाहून प्रवाळांपर्यंत जातो आणि तिथल्या माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त भरलं.

आणि ‘शून्य झालं’ हे ठरवतात कसं? यश लगेच जाहीर करत नाहीत. किमान दोन वीण हंगाम जाऊ देतात, म्हणजे एखादी गाभण मादी जरी सुटली असेल तरी तिची पिल्लावळ दिसण्याइतकी वाढेल. मग शेंगदाण्याचं लोणी लावलेली कुरतडपट्टी ठिकठिकाणी टांगतात, तिच्यावर दातांच्या खुणा उमटतात. शाई लावलेले लहान बोगदे ठेवतात, त्यांत पावलं उमटतात. आणि वासावरून माग काढणारी कुत्री फिरवतात. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर २०११ ते २०१५ दरम्यान हिमनद्यांनी अलग पडलेल्या भागांत एकामागून एक मोहिमा झाल्या, पण बेट रॅटमुक्त असल्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. त्यानंतरही तिथे उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पिशव्या, बूट आणि सामानाच्या पेट्या तपासतात. तुम्ही कधी अशा बेटावर गेलात आणि कुणी तुमची पिशवी उलटी करून झटकायला सांगितली, तर ती झटका आणि खिशांचे कोपरेही तपासा.